सातव्या महिन्यातली चप्पल

घरात गरोदर बाई असली की सल्ल्यांना तोटा नसतो. ताटात काय वाढायचं, कोणत्या कुशीवर झोपायचं, पपई खायची की नाही, यावर सासर-माहेर दोन्हीकडून मतं येतात. सैल कुर्ते शिवले जातात, जड वस्तू उचलू दिल्या जात नाहीत. दारातली चप्पल मात्र जुनीच राहते. दुसऱ्या महिन्यात पायात होती तीच आठव्या महिन्यातही असते. तोवर तो पाय पूर्वीचा राहिलेला नसतो. त्याचं माप बदललेलं असतं, त्यावरचा भार वेगळ्या जागी पडत असतो, संध्याकाळी तो भरून येत असतो. तरीही तिच्या पायांकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, अनेकदा तिचं स्वतःचंही नाही.

आधी वजनाचं पाहू. गरोदरपणात साधारण दहा ते बारा किलो वजन वाढतं. त्यात बाळाचा वाटा तीन किलोच्या आसपास. बाकीचं गर्भाशय, वार, गर्भजल, वाढलेलं रक्त आणि साठवलेली चरबी यांचं. हे वजन अंगभर सारखं वाटून वाढलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण त्यातला बराच भाग पोटाशी, म्हणजे पुढच्या बाजूला जमतो. शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि तोल पुढे जाऊ लागतो. मग ती नकळत खांदे मागे नेते, कमरेचा बाक वाढवते आणि तोल पुन्हा पायांवर आणते.

स्त्रीचं शरीर यासाठी लाखो वर्षांपासून तयार झालेलं आहे. कॅथरीन व्हिटकम, लायझा शपीरो आणि डॅनियल लीबरमन या तीन संशोधकांनी 2007 साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक निरीक्षण मांडलं. कमरेचा बाक ज्या मणक्यांमुळे येतो, त्यांतले पाचरीच्या आकाराचे मणके पुरुषांत दोन असतात, स्त्रियांत तीन. त्यामुळे स्त्रीची कंबर अधिक वाकू शकते आणि भार तीन मणक्यांवर वाटला जातो. सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहणाऱ्या, दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या सांगाड्यांतही हा फरक दिसतो. पोटातलं मूल घेऊन चालावं लागणाऱ्या मादीसाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. मला या संशोधनाचं महत्त्व मोठं वाटतं, कारण गरोदर बाईचं चालणं म्हणजे काहीतरी बिघाड, ही समजूत त्याने मोडीत निघते. शरीर तोल सांभाळायला समर्थ आहे. आपण पायात जे घालतो त्याने त्या कामात अडथळा आणू नये, एवढीच अपेक्षा.

आता चाल. पोट दिसू लागलं की ‘बदकासारखी चालते’ असं सर्रास म्हटलं जातं. 2000 साली अमेरिकेत फोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा स्त्रियांच्या चालण्याचा प्रयोगशाळेत बारकाईने अभ्यास केला. शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर वर्षभराने त्याच स्त्रियांची चाल मोजली. त्यांना बदकचाल सापडली नाही. सांध्यांच्या हालचाली जवळजवळ पूर्वीसारख्याच होत्या. बदल दिसला तो स्नायूंच्या कामात. नितंबाच्या बाजूचे स्नायू आणि पोटऱ्या पूर्वीपेक्षा बराच जास्त जोर लावत होत्या. चाल वरून तशीच राहावी म्हणून आत जास्तीची मेहनत चालू होती. सातव्या-आठव्या महिन्यात रात्री पोटऱ्यांत गोळे का येतात, बाजारातून आल्यावर कंबर का धरते, याच्या कारणांत या मेहनतीचाही वाटा असू शकतो. इतर मोजमापांत आणखी काही गोष्टी आढळतात: वेग थोडा कमी होतो, दोन पावलांमधलं आडवं अंतर वाढतं, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असण्याचा काळ लांबतो. हे सगळे सावधपणाचे उपाय आहेत. निसरड्यावरून चालताना आपण सगळेच असं चालतो. ज्या वहाणेत पाय सुटतो, घसरतो किंवा आवळला जातो, ती आधीच थकलेल्या स्नायूंवर आणखी काम टाकते.

पायाचं पाऊल हा तर वेगळाच विषय आहे. एका पावलात 26 हाडं असतात. ती अस्थिबंधांनी एकमेकांना बांधलेली असतात आणि त्यातूनच तळपायाची कमान उभी राहते. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे हे बंध सैलावतात. प्रसूतीच्या वेळी कटिभाग मोकळा व्हावा म्हणून हे आवश्यकच असतं, पण सैलपणा कटिभागापुरता थांबत नाही. वरून वाढलेलं वजन आणि खालून सैलावलेले बंध, यांच्यामध्ये तळपायाची कमान थोडी बसते. कमान बसली की पाऊल लांबतं आणि पसरतं.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात नील सेगल यांच्या चमूने 49 स्त्रियांचे पाय गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत मोजले आणि बाळंतपणानंतर 19 आठवड्यांनी पुन्हा मोजले. 2013 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहातल्या सहा-सात जणींची पावलं लांब झाली होती, 2 ते 10 मिलिमीटरांनी. कमानीची उंची आणि ताठरपणा दोन्ही कमी झाले होते. आणि हा बदल मुख्यतः पहिल्या बाळंतपणात दिसला. लक्षात घ्या, दुसरं मोजमाप सूज उतरून गेल्यानंतर, बाळ चार महिन्यांहून मोठं झाल्यावर घेतलेलं आहे. म्हणजे हा फरक पाणी साचल्यामुळे आलेला नव्हता. दुकानात मिळणाऱ्या चपलेच्या दोन नंबरांतलं अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतं. पहिल्या मुलानंतर एक नंबर वाढल्याचं बायका सांगतात, तेव्हा त्या अगदी नेमकं सांगत असतात. लग्नातल्या चपला नंतर कधीच नीट बसल्या नाहीत, हे किती घरांत ऐकू येतं! त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे.

यात सुजेची भर पडते. शरीरातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेलं असतं. मोठं झालेलं गर्भाशय पायांकडून वर रक्त नेणाऱ्या मुख्य नसेवर दाब देतं. मग पाणी खालीच साचतं आणि दिवस मावळेपर्यंत घोटे भरून येतात. सकाळी सहज सरकणारी चप्पल संध्याकाळी पट्ट्याचा वळ उठवते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जोडवी. सूज वाढू लागली की दुसऱ्या बोटातलं जोडवं रुतू लागतं आणि पुढे निघता निघत नाही. सहाव्या महिन्याच्या आसपास, सकाळी पाय हलके असताना, साबणाच्या फेसाने ती काढून ठेवावीत. रूढीचा प्रश्न असेल तर सैल, जोड उघडा असलेली जोडवी घालता येतात. बोट काळंनिळं झाल्यावर सोनाराकडे धावण्यापेक्षा हे बरं.

इथे थोडं थांबून एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. दोन्ही पायांना संध्याकाळी येणारी आणि रात्रीच्या झोपेनंतर उतरणारी सूज बहुधा साधी असते. पण चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं सतत दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगडीखाली दुखू लागलं, तर तो रक्तदाब वाढल्याचा, गर्भारपणातल्या धोकादायक विकाराचा इशारा असू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागली आणि दुखू लागली, तर नसेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी चपलेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पायातल्या वस्तूचा सर्वांत थेट संबंध पडण्याशी आहे. अमेरिकेत सुमारे चार हजार बाळंतिणींना विचारून केलेल्या एका पाहणीत जवळपास 27 टक्के जणी गरोदरपणात किमान एकदा पडल्याचं दिसलं. म्हणजे चौघींमध्ये एक. सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या पडण्याशी या प्रमाणाची तुलना केली जाते. पडण्याचे निम्म्याहून अधिक प्रसंग उघड्यावर नव्हे, इमारतीच्या आतच घडले होते, आणि निसरडी जमीन, घाई, हातात काहीतरी धरून चालणं, जिना ही कारणं पुन्हा पुन्हा पुढे आली. आपल्या घरांचा विचार केला तर यातलं प्रत्येक कारण ओळखीचं निघेल. नुकतीच पुसलेली फरशी, न्हाणीघरातला साबण, पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ, कडेवर मोठं मूल. त्यात पोटामुळे पायाखालची पायरी दिसत नाही.

मग पायात काय असावं?

उंच टाचांबद्दल कुणालाच फार शंका नसते, पण कारण नीट समजून घ्यावं. ‘उंच टाचेने कमरेचा बाक वाढतो’ असं सरसकट सांगितलं जातं. मोजमापं मात्र यावर एकमुखाने बोलत नाहीत, काहींत बाक उलट कमी झालेला दिसतो. खरा धोका घोट्याला आहे. टाच वर गेली की घोट्याच्या सांध्यातल्या हाडाचा मागचा अरुंद भाग खाचेत येतो आणि पाय मुरगळायला मोकळीक मिळते. शिवाय बराचसा भार चवड्यावर येतो आणि पोटऱ्या आखडतात. आधीच जास्त काम करणाऱ्या त्याच पोटऱ्या! डोहाळजेवणाचे फोटो काढण्यापुरत्या उंच टाचा घालायच्याच असतील तर बसून फोटो काढावेत, त्या घालून जिना चढू-उतरू नये.

याचा अर्थ एकदम सपाट वहाण उत्तम, असा मात्र नाही. ही चूक फार होते. पातळ, सपाट तळव्याची चप्पल खाली बसू पाहणाऱ्या कमानीला काहीच आधार देत नाही. चालताना टाचेवर बसणारा धक्का तसाच वर जातो. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही पाठदुखीबद्दल सल्ला देताना कमानीला आधार देणारी वहाण घ्यायला सांगते आणि सपाट बुटांत असा आधार सहसा नसतो, असं बजावते. टाच दोन-तीन सेंटिमीटर उंच, रुंद आणि पायाच्या पूर्ण टाचेखाली येणारी असावी.

रबरी हवाई चप्पल म्हणजे आपल्या घराघरातली वहाण. तिचा दोष तिच्या बांधणीतच आहे. ती फक्त अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बळावर पायात राहते. प्रत्येक पावलाला ती निसटू नये म्हणून बोटं आवळावी लागतात, आणि पावलंही आखूड पडतात. हे पाऊल टाकताना कुणाच्या लक्षातही येत नाही, पण दिवसाकाठी हजारो वेळा बोटं आवळणाऱ्या पायाला ते कळतं. तळ घासून गुळगुळीत झालेली हवाई चप्पल ओल्या फरशीवर तर अतिशय धोकादायक. घरात अशी जोडी असेल तर ती फेकून द्यावी.

कोल्हापुरीबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण मला ती फार आवडते. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची, हाताने शिवलेली चप्पल पायाला हवा लागू देते आणि वापरता वापरता पायाचा आकार घेते. पण नवी कोल्हापुरी चावते, हे तिचे चाहतेही मान्य करतील. सुजलेल्या, ताणलेल्या त्वचेला तिचा अंगठा आणि पट्टा लगेच सोलतो, आणि ती जखम भरायला वेळ लागतो. तिच्या तळाला खाचा नसतात, ओली झाली की घसरते. मागून टाच मोकळी असते. सवयीची, जुनी, मऊ झालेली कोल्हापुरी पहिल्या चार-पाच महिन्यांत कोरड्या जमिनीवर जरूर वापरावी. पुढे बाळंतपण होईपर्यंत ती बाजूला ठेवावी, आणि गरोदरपणात नवी विकत घेऊ नये.

राहता राहिली मागे पट्टा असलेली सँडल आणि बूट. माझा कौल यांनाच. टाच मागून धरली की बोटांचं आवळणं थांबतं आणि पाऊल वहाणेसकट एकत्र उचललं जातं. आपल्या उकाड्यात आणि पावसात पट्ट्यापट्ट्यांची, चिकटपट्टीने सैल-घट्ट करता येणारी सँडल बहुतेकींना सोयीची. सकाळचा आणि संध्याकाळचा पाय तिच्यात सारखाच मावतो. बूट घ्यायचे तर नाडीचे नकोत. आठव्या महिन्यात वाकून नाडी बांधणं जमत नाही, आणि सुटलेली नाडी पायात येते.

वहाण घालण्याची रीतही बदलावी लागते. दारात एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात सँडल चढवायची आपल्याला सवय असते. गरोदरपणात पाचातल्या एकीला कटिभागाच्या सांध्यांत दुखण्याचा त्रास होतो, आणि एका पायावर उभं राहिलं की तो हमखास वाढतो. दाराशी एक स्टूल ठेवलं तर तोल जाण्याचीही भीती उरत नाही.

खरेदी संध्याकाळी करावी, पाय भरलेला असताना. दोन्ही पायांत घालून, उभं राहून, दुकानात चार फेऱ्या मारून पाहावं. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. चवड्याची रुंदी तर आवर्जून तपासावी, कारण इथे भारतीय बायकांची अडचण आणखी मोठी आहे. आपल्याकडचे नंबर इंग्लंडच्या मापांवरून आलेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरात एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली, तेव्हा भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती आखली गेली आहे. म्हणजे एरवीही आपल्या पायात अरुंद वहाण असण्याचा संभव मोठा, आणि गरोदरपणात पाऊल आणखी पसरतं. रुंदी मिळेना म्हणून मोठा नंबर घेतला तर वहाण टाचेशी ढिली होते आणि ठेचकाळायला होतं. त्यापेक्षा पट्टे सैल करता येणारी जोडी शोधावी. वहाण हातात घेऊन वाकवून पाहावी: ती चवड्याशी वाकली पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये. तळाला खोल खाचा हव्यात. हे सगळं असणारी जोडी महागच असते असं नाही.

घरात अनवाणी राहणं ही आपली रीत. कोरड्या फरशीवर थोडा वेळ अनवाणी चालण्यात वाईट काही नाही. पण दिवसभर ओट्याशी उभं राहणारीच्या टाचा दुखत असतील तर घरात घालायची वेगळी, धुतलेली, मागे पट्टा असलेली जोडी ठेवावी. देवघरापाशी ती काढता येतेच.

शेतातल्या आणि मजुरीवरच्या बायकांसाठी अनवाणी पायाचा अर्थ फार वेगळा आहे. मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्या तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात, रक्तातून फुप्फुसांत आणि तिथून आतड्यात पोचतात, आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याची कारणं अनेक, पण हे एक कारण बंद पायताणाने अडवता येतं. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात लोहाच्या गोळ्यांबरोबर दुसऱ्या तिमाहीत जंतनाशक गोळीही दिली जाते. तिथे गरोदर बाईच्या पायात वहाण घालणं हे तिच्या अंगात रक्त राखणंही आहे.

कितीही चांगली वहाण घातली तरी आठ-दहा तास उभं राहणाऱ्या पायाला ती पुरी पडत नाही. साडीच्या दुकानातल्या सेल्सगर्ल, परिचारिका, शिक्षिका, कारखान्यातल्या कामगार यांना हे माहीत आहे. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आपल्या कायद्यात याची तरतूद आहे: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीचे सहा आठवडे आणि त्याआधीचा एक महिना या काळात गरोदर स्त्री कामावर असेल आणि तिने विनंती केली, तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. ही विनंती संकोच न करता, लेखी करावी. आणि घरी आल्यावर पाय उशीवर टेकवून डाव्या कुशीवर पडावं.

सातव्या महिन्यात माहेरहून साडी येते, ओटी भरली जाते, फुलांचे दागिने होतात. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिला कागदावर उभी करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा, तो कागद आणि तिला, दोघांना घेऊन दुकानात जा, आणि मागे पट्टा असलेली एक चांगली जोडी तिला घेऊन द्या.